खळ्यावरचे बूट

आमच्या भागात त्याला अजून 'सर' म्हणतात. म्हणोत. मी त्याला धुळ्याच्या कॉलेजात फाटक्या बनियनवर मुरमुरे खाताना पाहिलंय. आम्ही एका खोलीत राहायचो. मला प्रोफेसराचं इंग्रजी कळेना, म्हणून पहिल्याच सत्रात वळकटी बांधून मी घरी आलो. कळत त्यालाही नव्हतं, पण तो मान हलवत बसला. मान हलवून हलवून बी.ए. झाला आणि आमच्याच गावच्या शाळेत मास्तर लागला. वर हुतुतूचा कोच! कॉलेजात कधी हुतुतू खेळला नाही, शर्टाला माती लागते म्हणून.

धुळ्याचे सामने पंधरा दिवसांवर आले. शाळेचं मैदान काळ्या जमिनीचं, त्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा. म्हणून साहेबांची नजर माझ्या खळ्यावर गेली. जवारी कापून शेतात पडली होती, मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात ती मेढ रोवायला अजून वेळ होता. खळं मी चोपून, सारवून तयार ठेवलेलं. हा गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, असा सरळ आत चढला.

"बूट काढ रे भो," मी म्हणालो. "हाई खळं शे. आठे दाना पडस."

"पोरेस्ना समोर बूट काढू का? कोच शे मी!"

"मंग बांधवर उभा ऱ्हाय. कोच तठेबी ऱ्हास."

दाणा पडतो त्या खळ्यावर पायताण चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यालाही ठाऊक होतं. पण बी.ए. आड आलं. पोरं मोलगीकडच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी, अनवाणीच. ती आत खेळली आणि हा पंधरा दिवस बांधावरून ओरडला. भारे घेऊन जाणाऱ्या बाया त्याच्याकडे पाहून हसायच्या. मी काही त्यांना अडवलं नाही.

शेवटच्या दिवशी एका पोराचा घोटा मुरगळला. पोरगं केकाटलं तसा हा बुटांसकट आत धावला, त्याचा पाय मांडीवर घेऊन बसला. मी उठलो होतो, पोराकडे पाहून परत बसलो.

पोराला उचलून नेल्यावर हा हसून म्हणतो, "आज काई बोलना नई तू?"

"पोरगाकडे देखीसन चूप बसनू. खळं बाटाडं तू, सारवशी बी तूच."

दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई शेणाची पाटी घेऊन आला. बाटवलं त्यानंच सारवायचं, म्हणून त्याला पाटीसकट परत धाडलं. बायको सारवायला बसली, तिलाही उठवलं. तीन दिवस असे गेले. आभाळ भरून यायला लागलं.

"तुम्हना मानपायी जवारी सडी जाई ना!" बायको कडाडली.

चौथ्या दिवशी मीच शेणात हात घातला. बांधावरून तो सायकलीवर चालला होता. पोरं सामने जिंकून आलेली, हार मात्र याच्या गळ्यात.

"राम राम!" तो ओरडला.

मी मान वर केली नाही. एक कोपरा सारवायचा राहिला होता.