इनचार्ज न झालेली मावशी

निरोगी माणूस माझ्या मावशीने उभ्या जन्मात पाहिला नाही. तिच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, वॉर्डात असलेली आणि यायची राहिलेली. पिंपरीच्या एका इस्पितळात ती स्टाफ नर्स होती. मी चिंचवडला कंपनीत चिकटलो आणि तिच्याकडे राहायला गेलो, तो तिच्या लेखी दाखलच झालो. पलंगावरची चादर ती कोपरे दुमडून अशी ताणून खोचायची की पहिला आठवडा मी आत न शिरता चादरीवरच आखडून झोपलो. पहिल्या शिफ्टला निघण्याआधी तोंडात थर्मामीटर. "ताप नाही," हे ती जरा नाराजीनेच सांगायची. माझ्यासाठी तळेगावला मुलगी पाहायला गेलो, तर पोहे यायच्या आत हिने मुलीची पापणी खाली ओढून पाहिली. "रक्त कमी आहे," ती मुलीच्या वडिलांना म्हणाली, "पण मुलगी चांगली आहे. पालेभाजी वाढवा आणि तारीख धरा." ती मुलगी आज माझी बायको आहे. पालेभाजी आम्ही दोघंही खातो.

वॉर्डात तिचा दरारा होता. यंत्रात हात सापडलेला मोशीचा एक आडदांड गडी इंजेक्शन पाहून कॉटखाली शिरला. "म्या न्हाई घेत, बाई!" आतून ओरडला. मावशीने पदर खोचला, तीही कॉटखाली शिरली आणि काम उरकून बाहेर आली. एवढं असून ती स्टाफ नर्सच राहिली. तिला सिस्टर इनचार्ज व्हायचं होतं, फार व्हायचं होतं, आणि ते तिने कधी लपवलं नाही. जागा निघाली की ती पांढऱ्या साडीला दुप्पट खळ घालायची. मग तिच्याच हाताखाली शिकलेली एखादी मुलगी इनचार्ज व्हायची आणि मावशी वॉर्डात आली की सवयीने उठून उभी राहायची. "बस गं," मावशी दटावायची, "आता उभं मी राहायचं."

इनचार्जच्या एका मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "शिस्तीबद्दल आपलं मत काय?" मावशी त्यांच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "आधी जीभ दाखवा." आणि त्यांनी दाखवली. त्यांना काही झालेलं नव्हतं, फक्त दुपारची झोप हुकली होती. ती जागाही गेली. मी म्हटलं, "मावशी, आमच्या कंपनीच्या दवाखान्यात ये की. पगार बरा आहे, रात्रपाळी नाही." तिने मला वेड्यात काढलं. "तिथे माणूस पट्टी बांधून घेतो आणि घरी जातो. बरा होताना बघायचा कुणी?"

निवृत्तीच्या दिवशी मी तिला आणायला गेलो. हार झाले, पेढे झाले. तिच्याच हाताखाली तयार झालेल्या इनचार्जने तिला हाताला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. मावशीने इकडेतिकडे पाहिलं. "इथून शेवटच्या कॉटा दिसतच नाहीत गं," म्हणाली आणि उठली. सगळ्या हसल्या, मीही हसलो.

घरी येताना स्टेशनाजवळ ती म्हणाली, "बसायला बरी होती रे खुर्ची."

मी तिच्या हातातली पिशवी मागितली. आपलं ओझं ती कधी कुणाला देत नसे. त्या दिवशी तिने मुकाट्याने दिलं.