टेकवलेली बकेट

गावतळ्यातला गाळ उपसायच्या श्रमदानाला मी गेले ती माणसांसाठी. हे गेल्यापासून घरात आवाज म्हणून नव्हता. घमेल्यांच्या रांगेत निदान कुणाचा तरी हात हाताला लागायचा. पुढे गुडघे दुखू लागले, तेव्हा खोदकामाच्या मशीनवरचे सदाभाऊ म्हणाले, "बाई, मशीन शिका. बसून करायचं काम आहे." महिनाभर त्यांनी केबिनच्या दाराशी उभं राहून शिकवलं.

आज पहिल्यांदाच केबिनमध्ये मी एकटी होते. काचेपलीकडे रांग हसत होती, पण मला इंजिनाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. पन्नासेक घमेल्यांचा गाळ मी मशीनच्या बकेटने एका खेपेत उचलत होते, आणि आठवण येत होती हातातल्या त्या एका घमेल्याची.

जेवणाच्या वेळी थांबले. सगळे लांबच उभे. काच सरकवून हाका मारल्या, तरी कोणी येईना. सदाभाऊ ओरडले, "बाई, बकेट अजून वरच आहे! ती टेकवल्याशिवाय कोण येईल जवळ?"

मी दांडा हळूच पुढे ढकलला. बकेट खाली जाताना शेजारणी आठवल्या. हे गेल्यावर वर्षभर त्या फाटकापर्यंत येऊन, मी आतून लावलेलं दार बघून परत फिरायच्या, आणि मला त्यांचाच राग यायचा.