जिवाचं असली, शोभेचं नकली

रिकामा डबा अख्खा टाकणं हे कात्रीकाकूंच्या लेखी पाप होतं. डबा म्हणजे गाडीच्या पार्टचा. ब्रेकचे पॅड असोत, ऑइल फिल्टर असो, नाहीतर साधा स्पार्क प्लग. पार्ट गाडीत बसला की काकू पिशवीतून शिंप्याकडे असते तसली मोठी कात्री काढायच्या आणि भेंडी चिरावी तसे त्या पुठ्ठ्याचे तुकडे पाडायच्या. नोएडातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा सोहळा अधूनमधून चालायचा. गार्ड त्यांना ‘कैंचीवाली आंटी’ म्हणत. आम्हा मोजक्या मराठी घरांसाठी त्या कात्रीकाकू झाल्या.

कुणी हसलं तर त्या शांतपणे समजावत. “तू अख्खा डबा टाकलास, की तो भंगारातून परत बाजारात जातो. आत नकली माल भरला की झाला असली! उद्या कुणाचा ब्रेक फसला आपल्या डब्यामुळे, तर ते कुणाच्या माथी?” एका वर्षी सोसायटीच्या गणपतीला कुणीतरी हौसेनं असल्या डब्यांचंच मखर केलं. काकूंनी पाच दिवस भक्तिभावानं आरती केली, आणि विसर्जनाची मिरवणूक गेटबाहेर पडायच्या आत मखराचा चुरा करायला घेतला. बाप्पाला निरोप द्यायला त्या जरा उशिराच पोचल्या.

माझी त्यांची ओळखही डब्यावरूनच झाली. मी पुण्याहून नुकतीच इथल्या आयटी ऑफिसात बदलून आले होते. ॲपवरून स्वस्तात मागवलेले ब्रेक पॅड घेऊन मी मेकॅनिककडे निघाले होते, तोच सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज अशा एक बाई समोरून आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला डबा सरळ काढूनच घेतला. उलटा केला, सुलटा केला, तळहातावर तोलला, त्यावरचा कोड मोबाइलनं तपासला, आतला पॅड काढून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि चक्क वास घेतला. “परत कर,” म्हणाल्या. मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. “आणि तू कोण गं?”

त्यांचं शास्त्र सोपं होतं. पार्ट तीन प्रकारचे. एक, गाडीच्या कंपनीचा. दुसरा, बाहेरच्या कारखान्याचा, पण स्वतःच्या नावानं विकला जाणारा. आणि तिसरा, दुसऱ्याचं नाव लावून येणारा. दुसऱ्या प्रकाराबद्दल त्यांना फार आदर होता. “स्वतःचं नाव लावतो ना, मग त्याला अब्रूची काळजी असते. वाईट तो तिसरा.” हेच माप त्या माणसांनाही लावत. मी गौरवशी, म्हणजे अस्सल दिल्लीच्या पंजाबी मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा माझी आई पुण्याहून फोनवर रडत होती. काकूंनी गौरवला घरी बोलावलं, साबुदाण्याची खिचडी खायला घातली, तासभर गप्पा मारल्या आणि माझ्या आईला फोन लावला. “वहिनी, मुलगा कंपनीचा नाही, पण स्वतःच्या नावावर आलाय. बिनधास्त बसवा.” आईला त्यातलं काही कळलं नाही, पण रडणं थांबलं.

मात्र काकू कर्मठ नव्हत्या. त्यांच्या गाडीच्या चाकांवर चकचकीत टोप्या होत्या, लांबून महागड्या अलॉय व्हीलसारख्या दिसणाऱ्या. शुद्ध प्लॅस्टिक, शुद्ध नकली. मी छेडलं की म्हणत, “अगं, जिवाचं असली, शोभेचं नकली. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, यात तडजोड नाही. बाकी नटायला काय, मीसुद्धा मोत्याच्या कुड्या खोट्याच घालते.”

जुन्या दिल्लीतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे करमणूक असे. उभं आयुष्य दिल्लीत काढूनही त्यांच्या हिंदीला मराठी फोडणी होतीच. एकदा एक दुकानदार म्हणाला, “माताजी, कंपनी का माल है, आँख बंद करके ले जाओ.” काकू म्हणाल्या, “भैया, आँख बंद करके तो मैं मंदिर में भी नहीं खड़ी रहती. चप्पल जाती है.” दुकानदार एवढा हसला, की त्यानं आपण होऊन तो डबा आत नेला आणि दुसरा आणला.

ही निळी गाडी त्यांच्या यजमानांनी निवृत्तीच्या वेळी घेतली होती. ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते, स्वभावानं देवमाणूस, पण स्टिअरिंगला हात लावू देत नसत. ‘तुला या गर्दीत जमायचं नाही,’ म्हणत. ते गेल्यावर गाडी वर्षभर कव्हरखाली उभी राहिली. मग एके सकाळी काकूंनी कव्हर काढलं, ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला बोलावलं आणि साठी उलटल्यावर गाडी शिकल्या. त्यानंतर भाजी, दवाखाना, करोल बागेतलं हळदीकुंकू, कशासाठीच त्यांनी कुणाची वाट पाहिली नाही. दोन्ही मुलगे परदेशात. गाडी होती म्हणून ही बाई एकटी असूनही कधी अडली नाही.

आणि त्याच गाडीला पंधरा वर्षं होत आली. दिल्लीच्या आसपास पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बाद. एकेक पार्ट पारखून बसवलेला, इंजिन मांजरासारखं गुरगुरतंय, पण कायद्याला वास घेता येत नाही. मुलगे फोनवर सांगत, “आई, स्क्रॅपला दे. कॅबनं फिर.” शेजारीपाजारी तेच म्हणत. काकू मात्र पार्किंगमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहत. मला ते बघवायचं नाही.

एक दिवस त्यांनी चहाला बोलावलं आणि जाहीर केलं, “नाशिकला चालले. ना हरकत दाखला मिळाला. तिथं ही चालते.”

“गाडी पाठवताय?”

“गाडी चालली, तर मी कशाला मागे राहू? बहीण आहे तिथं. घर मोठं आहे.”

मला एकदम पोरकं वाटलं. तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, “रड नंतर. आधी एक काम कर. लांबचा पल्ला आहे, ब्रेक पॅड नवे हवेत. माझे गुडघे आता त्या बाजाराचे जिने चढत नाहीत. तू आण.”

मी बाजार गाठला. काकू आणि त्यांना न्यायला नाशिकहून येणारा भाचा आळीपाळीनं गाडी चालवत एवढ्या लांब जाणार, आणि ती थांबणार मी आणलेल्या पॅडवर. मी चार दुकानं पालथी घातली. उलटा केला, सुलटा केला, तोलला, कोड तपासला, कडेवरून अंगठा फिरवला. वासही घेतला, दुकानदार माझ्याकडे बघत राहिला.

संध्याकाळी मेकॅनिकसमोर मी डबा काकूंच्या हातात दिला आणि परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तशी उभी राहिले. काकूंनी पॅड काढून मेकॅनिकला दिले आणि पिशवीतून कात्री काढली.

“अहो काकू, बघा तरी आधी!”

“तू बघितलंस ना?”

“हो, पण...”

“मग झालं.” कात्री चालूही झाली होती. आजवर त्यांनी देवाच्या उदबत्तीचा पुडासुद्धा तपासल्याशिवाय घेतला नव्हता. माझे डोळे भरून आले, आणि त्या खुशाल पुठ्ठा चिरत बसल्या.

निघाल्या त्या सकाळी अख्खी सोसायटी गेटवर होती. गार्डनं सलाम ठोकला. गाडी गेटजवळच्या स्पीडब्रेकरवर आदळली, मागच्या चाकाची टोपी निसटली आणि गडगडत माझ्या पायाशी येऊन पडली. मी ती उचलून हाका मारत धावले, पण गाडी वळून गेली होती.

दुसऱ्या रात्री फोन आला. “पोचले गं. ब्रेक एकदम झकास.”

“काकू, तुमची एक टोपी इथंच राहिलीये.”

“राहू दे. शोभेची होती.”

आमच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली, झिरपणारं पाणी झेलायला, ती टोपी आहे. गौरव म्हणतो, “यार, एक ढंगाची थाळी आणूया ना.” मी आणू देत नाही. नकली आहे, मला माहीत आहे. पण काकूंचं माझ्याकडे तेवढंच आहे, आणि आता ते शोभेचं राहिलेलं नाही.