भिंतींआधीचं दार

आमच्या वसाहतीत पहिलं घर आपलंच उभं राहिलं, असं माझी शेजारीण भिमाबाई अजून सांगते. तेव्हा घर म्हणजे नुसतं दार होतं, हे मात्र सांगत नाही.

साल अठ्ठ्याहत्तर. सातपूरजवळ कामगारांसाठी सरकारी योजना निघाली. जागा, सिमेंटचा ओटा आणि नळ सरकार देणार, भिंती ज्यानं त्यानं जमेल तशा बांधायच्या. हप्ता खोलीभाड्याहून कमी. अट एकच, सहा महिन्यांत राहायला यायचं, नाहीतर ओटा दुसऱ्याला. अट शहाणपणाची होती, एरवी दलालांनी सगळे ओटे गिळले असते. भिमाबाईचा सगळा जीव त्या ओट्यात. घरमालक दर अकरा महिन्यांनी खोली रिकामी करायला लावी आणि लेकीची शाळा बदले.

नवरा सावळीराम कारखान्यात फिटर. आधी चौकट, मग भिंती, ही त्याच्या गावची रीत. त्यानं जुनं सागवानी दार आणून बसवलं, बुद्धवंदना झाली, गूळ वाटला, आणि पैसे संपून पुढचं काम अडलं. वर ताडपत्री, तीन बाजू मोकळ्या आणि पुढे ऐटीत दार! येणाऱ्यानं दारातूनच यायचं, असा भिमाबाईचा दंडक. आम्ही हसायचो, पण दारातूनच जायचो.

एके सकाळी सावळीरामनं सवयीनं बाहेरून कुलूप घातलं आणि तो पहिल्या पाळीला गेला. बायको आत भाकरी थापत होती. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आले.

"कुलूप आहे. म्हणजे राहत नाही कोणी," साहेब म्हणाले.

"मी हाय ना आत."

"मग बाजूनं येऊन बघतो."

"बाजूनं नाय. किल्ली मालकांकडं हाय. पाळी सुटली का येतील."

"अगं, येऊ दे की," मी कळवळून म्हटलं.

"ओटा जाईल, बाई," साहेब म्हणाले.

भिमाबाईनं पिठाचे हात झटकले. "जन्मभर लोकांच्या दाराभाईर उभी राहिले, साहेब. हे पैलं दार हाय माझं."

साहेब निघून गेले. आम्हाला वाटलं, संपलं सगळं.

सावळीराम परतला आणि त्यानं कुलूप काढलं, तोवर साहेबही परत आले. चौकटीबाहेर चपला काढून त्यांनी विचारलं, "येऊ का आत?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "या," म्हणाली आणि चहा टाकायला वळली, तेव्हा ती रडत होती.