पळीभर पाण्यावर आळ

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही — बायकोपुढंसुद्धा नाही, आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही. तुम्ही पावणं, तुम्हाला सांगतो.

संभा माझा जोडीदार. कोल्हापुरात त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत आमचं सॉफ्टवेअरचं काम चालायचं — माणसं दोन, कॉम्प्युटर एक. त्यावर विंडोजमध्ये संभा एका दूध संस्थेचा प्रोग्रॅम लिहीत होता, सबंध पावसाळा, मान मोडून. आणि मी? मला लिनक्सचं खूळ लागलेलं, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम. एकाच मशीनवर दोन्ही ठेवायची. दोन सवती एका घरात नांदतात की, मग ह्यांना काय धाड भरलीय? संभा म्हणायचा, काम उरकू दे, मग घाल काय धिंगाणा घालायचा त्यो.

खंडेनवमी आली. संभाच्या आईनं, काकूंनी, कोयता, विळा, शिलाई मशीन पूजलं आणि त्याच ओळीत आमचा कॉम्प्युटरही. हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर पळीभर पाणी शिंपडलं. पूजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, ही घरची रीत. म्हणजे संभा बसणार नाही. म्हणजे मशीन मोकळं — बघा माझी अक्कल.

दुपारी सगळी जेवून आडवी झाली. मी फूल बाजूला ठेवलं, लिनक्सची सीडी घातली. मधेच पडद्यावर प्रश्न आला, विंडोजशेजारी जागा करू, का सगळी डिस्क घेऊ? मी वाचलं का? वाचत बसायला मी काय नवशिका होतो? एंटर दाबला. थोरलीला हाकलून धाकटी घरात शिरली. कळलं तशी वायर उपटली — पण संभाचा पावसाळा गेला होता. बॅकअप? तो आम्ही गिऱ्हाइकांना घ्यायला सांगायचो.

फूल... फूल मी होतं तसं परत ठेवलं.

दसऱ्यानंतर संभानं बटण दाबलं, तर नुसता काळा पडदा. त्याचं तोंड बघवेना. पूजेपासून कुणी हातच लावलेला नाही, मग संशय कुणावर? सगळी माझ्याकडं बघायला लागली, जाणकार म्हणून. आणि मी — मी म्हणालो, "पाणी गेलं असंल आत."

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. संभा आईला दोष न देता पहिल्यापासून लिहायला बसला. शेजारी बसून त्याला धीर कोण देत होतं? मीच.

आता आमचं मोठं हापिस आहे. काकू अजून खंडेनवमीला येतात. पाण्याचा तांब्या बाहेरच ठेवतात, आणि दारातनंच हात जोडतात. गेल्या खेपेला मला विचारलं, "लांबनंच करू न्हवं रं, लेकरा? मशिनास्नी काय तरी हुईल."

मी म्हणालो, "व्हय काकू, लांबनंच करा."