तोकुमारूचा हात गेला

जपानी बेसबॉलच्या शिरासागी संघात तोकुमारू यासुजीचं काम म्हटलं तर सोपं होतं. उकिडवं बसायचं, पिचरने फेकलेला बॉल झेलायचा, परत टाकायचा आणि तोंडाने "झकास!" म्हणायचं. सामन्यात त्याला कोणी उतरवत नसे. त्याच्या पाठीवरचा नंबर तीन आकडी होता, आणि तीन आकडी नंबरवाल्याचं नाव कोणी विचारायला जात नाही.

पण पिचरलोक त्याच्यावर जीव टाकत, कारण तोकुमारूच्या ग्लोव्हमध्ये बॉल वाजायचा. सरावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये असा कडाड आवाज उठायचा, की पलीकडे गवत कापणारा माळी यंत्र थांबवून मान वर करायचा. बॉल तळहातावर घ्यायचाच नाही, अंगठ्याच्या बेचक्यात पकडायचा आणि पकडता पकडता मनगट हलकेच पुढं रेटायचं. आदल्या दिवशी मार खाऊन आलेला पिचर असे चार बॉल टाकले की छाती काढून चालायला लागायचा. त्याला वाटायचं आपला बॉल परत आला. बॉल होता तिथंच असायचा. वाजवणारा तोकुमारू असायचा.

त्याची बायको चिझुरू म्हणायची, "दिवसभर परक्या पोरांना झकास झकास करता. इतकी वर्षं माझ्या हातचं मिसो सूप पिताय, एकदा तरी निघालंय का तोंडातून?"

"कामावरचे शब्द घरी आणत नाही मी," तोकुमारू म्हणायचा आणि वाटी पुढं करायचा.

या संघात त्याला आणलं होतं तेही या आवाजानेच. कागोशिमाच्या दक्षिणेच्या टोकाला, मासेमारीच्या एका गावात, शाळेच्या संघात सेगावा तेत्सुरो पिचर आणि तोकुमारू कॅचर. एक दिवस टोपीवाला म्हातारा खेळाडू-शोध्या आला, मैदानाकडं पाठ करून पर्सिमनच्या झाडाखाली उभा राहिला, आवाज ऐकत राहिला आणि न बोलता निघून गेला. त्या शरद ऋतूत निवडीच्या दिवशी सेगावाचं नाव पहिलंच पुकारलं गेलं. शाळेच्या पोरांनी त्याला उचलून उचलून हवेत फेकला. त्याच्या बापाने पत्रकारांना रताळ्याची दारू इतकी पाजली की ते प्रश्न विसरले. तोकुमारूचं नाव सगळ्यात शेवटी आलं. हा झेलायला नसेल तर तो बिथरेल, असं त्या म्हाताऱ्याने संघाला कळवलं होतं म्हणे. मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीची काडी टाकावी, तसा तोकुमारू सेगावावर मिळाला. पुढं दोन वर्षांनी त्याला बोलावून सांगितलं, बॅट काही तुझ्या नशिबात नाही, पण हात गोड आहे, शेडमध्ये राहा.

सेगावा मात्र मोठा झाला. आठवड्याला सहा सामने आणि त्यांना सुरुवात करणारे सहा पिचर. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांसारखा प्रत्येकाचा वार ठरलेला. शुक्रवार सेगावाचा. शुक्रवारी त्याचा सामना बघायला गावातली मासळीची दुकानं लवकर बंद व्हायची.

पण खांद्यावर एकदा डॉक्टरांची सुरी फिरली आणि गेलं वर्ष सगळं शिरासागीच्याच दुसऱ्या, म्हणजे खालच्या संघात गेलं. या फेब्रुवारीत मियाझाकीच्या सराव-शिबिरात संघाने त्याच्यापुढं दोन वाटा ठेवल्या. आत्ताच मानाने थांब, दुसऱ्या संघात कोवळ्या पिचरांना शिकवायची जागा शिबिर संपेपर्यंत तुझ्यासाठी रिकामी ठेवतो. नाहीतर सहांतली एक जागा मिळवून दाखव. मिळवून टिकली नाही तर शरद ऋतूत घरी जा. मग निरोपाचा सामना नाही, फुलांचा गुच्छही नाही.

"मला माझा शुक्रवार पायजे," सेगावा म्हणाला.

तोकुमारूला ठाऊक होतं, बॉल मेलाय. ग्लोव्हपाशी येताना तो मान टाकायचा, थंड भाताच्या गोळ्यासारखा हातात पडायचा. तरीही तोकुमारू तो वाजवत राहिला. मागं पिचरांचे मुख्य कोच मुनेकाता हाताची घडी घालून, डोळे मिटून ऐकत. बाजूला अमेरिकेहून आणलेलं यंत्र होतं, पण त्यात इतके आकडे उमटत की ज्याला जो हवा तो सापडे. जाळीमागं घडीच्या खुर्च्यांवर प्रतिस्पर्धी संघांचे टेहळे बसलेले असत. वेग मोजायचं यंत्र शेडमध्ये आणायची त्यांना बंदी होती. डोळे आणि कान आणायची नव्हती.

दुपारी भाताचे गोळे खाताना तोकुमारूने विषय काढला.

"तेत्सु, पोरास्नी शिकवायचं काम काय वाईट न्हाई."

"माझा बॉल कसा हाय, ते सांग."

तोकुमारूने घास गिळला. "झकास."

"मग गप खा की."

ज्या तोंडाला वीस वर्षं एकच शब्द लावला, त्यातून दुसरा कसा निघणार? तोकुमारूने ठरवलं, तोंडाला जमत नाही ते ग्लोव्हने सांगायचं. उद्या मुनेकाता सहा नावं पक्की करणार होते. खरा आवाज त्यांना ऐकू दे. सेगावाला जागा मिळणार नाही, चार दिवस तो शिव्या घालील, पण शिकवायची नोकरी तरी पदरात पडेल.

दुसऱ्या दिवशी सेगावाने पहिला बॉल टाकला. तोकुमारूने तो सरळ तळहातावर घेतला.

धप्प.

ओलं गोणपाट पडावं तसा. सेगावा पायाखालची माती बघायला लागला. मुनेकातांनी डोळे उघडले. दुसरा बॉल, धप्प. तिसरा, धप्प. जाळीमागच्या खुर्च्या करकरल्या. शेवटाशेवटाला तोकुमारूचा तळहात सुजून लाल झाला होता, पण मन हलकं झालं होतं.

सराव संपल्यावर मुनेकातांनी त्याला शेडमागं बोलावलं.

"तोकू, वय किती झालं रे तुझं?"

"सेगावाएवढंच, कोच."

"तेच म्हणतोय मी. त्याचा खांदा टिकला, तुझा हात गेला."

"हात नाही कोच, तो बॉलच मुळात..."

"लाजू नकोस. मला सांग, काल वाजत होता की नाही?"

"वाजत होता."

"पिचर तोच, शेड तीच. आज वाजला नाही. मग मधे बदललं काय?"

कालचा आवाज खोटा होता असं सांगावं, तर वीस वर्षांचे सगळेच आवाज खोटे ठरले असते आणि त्यांवर मुनेकातांनी केलेल्या सगळ्या निवडीसुद्धा. मुनेकातांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सेगावाला शुक्रवार देतोय. दुसऱ्या संघातली ती जागा रिकामीच आहे, ती तू घे. माणूस वाया जाऊ देत नाही आपण."

अशा रीतीने सेगावासाठी राखलेली नोकरी तोकुमारूला मिळाली. शिबिर संपवून तो घरी आला तेव्हा चिझुरूने आनंदाच्या दिवशी करतात तो लाल भात केला, शेजारणींना वाटला. तोकुमारू सुजलेला हात मांडीवर ठेवून मयतात बसल्यासारखा जेवला.

मार्च संपता संपता हंगामाचा पहिला शुक्रवार आला. दुसऱ्या संघाच्या जेवणघरात टीव्ही लावून तोकुमारू बसला. आज तेत्सुची धूळधाण होणार, हे बघवणार नव्हतं आणि उठवतही नव्हतं. पहिला फलंदाज आला, दात-ओठ खाऊन त्याने बॅट फिरवली. बॅट पुढं निघून गेली आणि बॉल मागून सावकाश आला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याने हवेत असा लिंबासारखा झेल दिला की झेलणाऱ्यालाही लाज वाटावी. सेगावा जिंकला.

सामना संपल्यावर त्याचा फोन आला.

"काय रं, बघितलंस न्हवं?"

"तेत्सु, तुझा बॉल मेल्याला हाय."

"त्याला मरून दोन वर्सं झाली. मला ठावं न्हाई व्हय?"

"मग मला कशापायी वाजवाया लावलंस?"

"जाळीमागं खुर्च्या टाकून बसल्याले कोन हुते? त्यांनी आपापल्या घरी जाऊन सांगितलं, सेगावाचा बॉल परत पेटलाय. आज फलंदाज त्या आवाजाला बॅट मारत हुते गा! बॉल येतोय कुठं तवर?" सेगावा पोट धरून हसत होता. "त्या दिशी मातुर तू घाम काढलास माझा. पर नशीब बघ, जाळीमागच्यास्नीबी तुझाच हात गेला आसं वाटलं."

"मला सांगायचं तरी!"

"तुला सांगून काय? तुला खोटं वागता येत न्हाई. तोंडावर दिसतं."

यावर तोकुमारूने वीस वर्षं बॉल वाजवलेल्या आपल्या हाताकडं पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

ती युक्ती पावसाळ्यापर्यंत पुरली. मग फलंदाजही शहाणे झाले, थांबून मारायला लागले, आणि बॉल स्टेडियमच्या खुर्च्यांमध्ये जाऊन पडायला लागले. जून सरता सरता सेगावा बॅग खांद्याला लावून दुसऱ्या संघात दाखल झाला. सकाळी पोरांच्या रांगेत उभं राहून त्याने टोपी काढली, कमरेत वाकला आणि म्हणाला, "सांभाळून घ्या, कोच."

"ऊठ, सोंग पुरे," तोकुमारू पुटपुटला.

आता झेलायला या वर्षीच आलेलं एक पोर होतं. तोकुमारू मागं हाताची घडी घालून उभा राहिला. दहाएक बॉल झाले.

"कसा हाय?" सेगावाने विचारलं.

"मेलाय," तोकुमारू म्हणाला. शब्द इतका सहज निघाला की तो स्वतःच दचकला.

सेगावाने कपाळाचा घाम पुसला. "ते झालंच. पर जिता कसा करायचा? कोच हायस न्हवं?"

तोकुमारूने जन्मभर बॉल घेतले होते, पिचरसारखे फेकले कधीच नव्हते. तो सेगावाच्या खांद्याकडं बघत राहिला, मग पायाकडं, मग पुन्हा खांद्याकडं. "पाय जरा आखूड टाकून बघ," तो चाचरत म्हणाला. सेगावाने टाकून बघितला. काही फरक पडला नाही. मग लांब टाकून बघितला. दोघं ऊन डोक्यावर येईपर्यंत तसेच खटपट करत राहिले.

रविवारी मुनेकातांचा फोन आला. दर रविवारी यायचा. कोण पहिल्या संघात पाठवण्यासारखा, कोणाची आशा सोडायची, ते विचारायला.

"सेगावाचं काय? वर बसलेले साहेब विचारताहेत. संपलाय का?"

तोकुमारूने खिडकीतून पाहिलं. मैदानावर सेगावा एकटाच, बॉल हातात नसताना, पाय टाकून बघत होता. आखूड, लांब, आखूड.

"अजून थोडे दिवस द्या, कोच. बॉल चांगला आहे त्याचा," तोकुमारू म्हणाला. "झेलणारं पोर नवीन आहे. त्याचा हात बसायचाय."

"तरीच," मुनेकाता म्हणाले. "मला वाटलंच."