कॅमेरा नसलेला वर्ग : कराड ते तासगाव

चिनी भाषा शिकायला तासगावला जावं लागतं, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. भाचीनं, ऋतुजानं, सांगितलं. तेही फोनवर, दबक्या आवाजात. "मामा, रविवारी माझ्याबरोबर येतोस का? तू असलास तर पप्पा सोडतील."

शनिवारी दुपारी साताऱ्याहून एसटी धरली. हायवेचं काम चालू आहे. कधीपासून, ते विचारू नये. हातात तासभर जास्तीचा ठेवा. कराडला उतरून थेट दाजींच्या दुकानात गेलो. दाजी, म्हणजे ऋतुजाचे वडील, फौजेत होते. उमेदीची वर्षं लडाखच्या बर्फात काढली, आता शेतीपंप विकतात. काउंटरवर वॉल्व्हच्या खोक्याला टेकवून त्यांचा मोबाइल उभा होता.

"या पाव्हणं. ही बघा, तिसऱ्या बाकावर आपली ऋतू."

मोबाइलमध्ये ऋतुजाचा कराडातला चिनीचा क्लास चालू होता. पालकांना घरबसल्या पाल्य पाहता यावं, ही त्या क्लासची खास सोय. खोली देखणी होती. एसी, भिंतीवर लालभडक ड्रॅगन आणि फळ्याच्या वर पाटी : 'शांतता राखा'. बोलायला शिकवण्याच्या वर्गात ही पाटी लावणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

पंप घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही डोकावून बघत होतं. "आवं, तोंड कसं वाकडं करत्यात बघा की!" दुकान हसलं. दाजीही हसले, मग गंभीर झाले.

"आमी वर होतो तवा पलीकडनं चिनी भोंग्यावर बोलायचे. काय बोलत्यात, कळायचं न्हाई. म्हटलं, पोरीला तरी कळू दे. पण ही बोलतच न्हाई. मास्तर विचारत्यात, ही खाली बघती. दिवाळीपतोर बघायचं, न्हाईतर स्थळं बघायला घ्यायची."

रात्री जेवताना दाजींनी रश्श्याचा डाव हातात धरून चिनी बोलून दाखवलं. आवाज वर, खाली, पुन्हा वर. सगळे हसले. ऋतुजा ताटातली भाकरी बारीक करत राहिली.

सकाळी निघताना दाजींनी अट घातली. "तासगावची बाई चांगली शिकवती म्हणं. पण तिथं कॅमेरा न्हाई. तुमी व्हिडिओ काढून आणा. बोलली तर पुढचं बघू."

कराडहून विटा, तिथं गाडी बदलून तासगाव. थांब्यांसकट दोन-अडीच तास धरा. ऋतुजाला अर्धं तिकीट, मला पूर्ण. महिलांच्या सवलतीवर माझी तक्रार नाही, पण माझी सीट तिच्या दुप्पट मऊ नव्हती. विट्याच्या स्टँडसमोर मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत होती. ज्यांना सोसत नाही त्यांनी दही मागावं, कोणी हसत नाही.

"तोंड उघडलं ना, की वाटतं दुकानात कोणीतरी हसतंय," ऋतुजा अचानक म्हणाली.

"प्रत्येक वेळी थोडंच हसत असतील?"

"कधी हसतात ते मला तिथून दिसत नाही ना, मामा."

विटा सोडल्यावर द्राक्षबागा लागल्या.

शिकवणाऱ्या वैशाली मॅडम चीनमध्ये चार वर्षं राहून आलेल्या आणि आता तासगावच्या एका बागायतदाराच्या सूनबाई. त्यांचा वर्ग भरतो बेदाण्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात तिथं द्राक्षं वाळतात, बाकी दिवस शेड रिकामी. लोखंडी रॅकवर जाळ्यांचे थरावर थर आणि मधून सोडलेलं हिरवं शेडनेट. निम्मे विद्यार्थी नेटच्या अलीकडे, निम्मे पलीकडे, खाली सतरंजीवर. पलीकडच्याचं तोंड दिसत नाही, आवाज ऐकून उत्तर द्यायचं. डास भरपूर; ओडोमॉस न्या. आणि गोंगाट एवढा, की सुरुवातीला मला कोणीच काही शिकत नाही असं वाटलं. दोघं-तिघं खरोखरच शिकत नव्हते.

पलीकडे बेदाण्याचे एक व्यापारी होते, सगळे त्यांना आबा म्हणत. बेदाणा निवडायचं मशीन चीनहून आणायचं म्हणून ते येत. त्यांनी ऋतुजाला चिनीत काहीतरी विचारलं, बहुतेक गाव कुठलं ते. मी मोबाइल वर केला. ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आगं, हाय का गेलीस?" आबा पलीकडून.

मॅडमनी नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं. मी मोबाइल खिशात घातला आणि शेडबाहेर जाऊन ट्रॅक्टरच्या चाकाला टेकलो.

आबांनी पुन्हा विचारलं. मग ऋतुजाचा आवाज आला, आधी चाचरत, मग सरळ. आबांनी काहीतरी उलटं म्हटलं, शेड हसली.

"आवं आबा, शेवटाला वर न्या की आवाज. खाली काय पाडताय?" हे मात्र ऋतुजा मराठीत, चांगलं ठणकावून; चिनीत आवाज वरचा खाली पडला की शब्दच बदलतो.

"व्हय बाई, नेतो," आबा म्हणाले, आणि पुन्हा खाली पाडला. या वेळी हसणाऱ्यांत ऋतुजाही होती.

संध्याकाळी दाजी दुकानातच वाट बघत होते. "दाखवा व्हिडिओ."

"नाही काढला. मोबाइल धरला की गप्प बसते. बाहेर गेलो, तेव्हा बोलली."

"मग बोलली कशावरनं?"

"माझ्यावर विश्वास ठेवा."

"तुमचा धंदा लिहायचा, पाव्हणं. तुमच्यावर कसा ठेवायचा?"

दाजींनी खोक्याला टेकवलेला मोबाइल उचलला, काही वेळ हातात धरला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

साताऱ्याला परतलो तो पाव किलो बेदाणे आणि डासांचे फोड घेऊन. फोड दोन दिवसांत गेले. राहिला तो पलीकडून आलेला आवाज. मी तिचा मामा. इतक्या वर्षांत तो कधी ऐकला नव्हता.

परवा दाजींचा फोन आला. ऋतुजा दर रविवारी तासगावला जाते, एकटी.

"आणि दिवाळीचं काय?" मी विचारलं.

"दिवाळी काय, दरसाल येती." मग म्हणाले, "संध्याकाळी गच्चीवर जाऊन बोलत असती. मी जिन्यात बसून ऐकतो."

"काय बोलते?"

"कुणाला ठावं. एक अक्षर कळत न्हाई. पण आवाज लय खणखणीत हाय पोरीचा. वर गेलो तर गप बसंल, म्हणून तिथंच बसतो."